नाव नाही, गाव नाही

४ फेब्रुवारी १९८५, सोमवार

कचेरीतल्या चहावाल्याने आजपासून बश्या बंद केल्या. कारण विचारलं तर म्हणाला, "फुटतात." जसे काही कप अमर असतात. पूर्वसूचना नाही, विचारविनिमय नाही, ज्येष्ठांची बूज तर नाहीच. तीस वर्षं बशीतून चहा पिणाऱ्या माणसाला एकाएकी कपाच्या काठाला ओठ लावायला सांगणं हा उघड उघड वृत्तिच्छेद आहे. माझ्या मते कप हे निव्वळ साधन. चहाचं खरं अधिकरण बशीच. हा मुद्दा मी संपादक मुकुंदरावांपुढे रीतसर मांडला. ते प्रूफातून डोकं वर न काढता म्हणाले, "मनोहरराव, तिकडे जंगलात माणसं उचलून नेतायत, आणि तुम्ही बश्या मोजा."

हे ते सहज बोलून गेले. दुपारी माझ्या टेबलाशी दोन माणसं येऊन उभी राहिली. एक देवाजी मडावी, अहेरीकडच्या एका आश्रमशाळेतले निवृत्त मास्तर. बांबू तोडणाऱ्यांच्या मजुरीवर मी लेखमाला लिहिली तेव्हा हेच मला गावोगाव हिंडवत होते. दुसरी नागपुरातल्याच इंदोऱ्याची प्रेमिला खोब्रागडे, वय तिशीचं. तिचा नवरा ताराचंद तिकडे वनपाल आहे. मागच्या आठवड्यात बंदूकवाले त्याला क्वार्टरमधून घेऊन गेले. त्यांच्या तुकडीला तिकडे दलम म्हणतात.

देवाजींनी दलमचा निरोप आणला होता. त्यांच्या भागातली दोन पोरं पोलिसांनी डिसेंबरात उचलली, ती अजून कुणाला दिसलेली नाहीत. त्यांना कोर्टापुढे उभं करा, वनपाल घेऊन जा. बोलणं पोलिसांशी नाही, पुढाऱ्यांशी नाही. बांबूवाल्या पत्रकाराला पाठवा. ती दोन्ही पोरं देवाजींच्या हाताखाली शिकलेली. हे त्यांनी शेवटी, जाता जाता सांगितलं.

मी म्हटलं, "बाई, मी बातम्या लिहितो. वकील नाही."

"वकील पाहून झाले, काकाजी," प्रेमिला म्हणाली. "हा साहेब म्हनते त्या साहेबाकडं जा, तो म्हनते मुंबईले विचारून राहिलो. मुंबईत कोनाले विचारून राहिले थे कोनीच सांगत नाही. तुम्ही जा ना."

आमच्या पत्रात मी बावीस वर्षं इतरांना 'सामंजस्याने मार्ग काढावा' असं सांगत आलो आहे. अग्रलेखात ते वाक्य कुठेही बसतं. आज पहिल्यांदाच ते कुणीतरी माझ्यावर बसवलं.

६ फेब्रुवारी

सिव्हिल लाइन्समध्ये मुकुंदरावांनी ज्यांना भेटायला सांगितलं होतं त्या पोलीस अधिकाऱ्यांना भेटलो. इथे नुसतं 'साहेब' लिहितो. अत्यंत सुसंस्कृत माणूस. चहा बशीसकट आला.

म्हणाले, "सरकार अशा लोकांशी बोलत नाही. पण तुम्ही गेलात तर आम्ही अडवणार नाही."

"आणि ती दोन पोरं?"

"कोणती पोरं?"

म्हणजे मी अशा लोकांकडे जायचं ज्यांच्याशी कुणी बोलत नाही, आणि अशा पोरांबद्दल बोलायचं जी कुणाकडे नाहीत.

जुन्या ताम्रपटांत सांधिविग्रहिक नावाचा अधिकारी भेटतो. तह आणि लढाई, दोन्ही एकाच माणसाच्या खात्यात. साहेबांना हे सांगितलं तर फार खूश झाले, शब्द कागदावर उतरवून घेतला. त्यांच्या भिंतीवर मोठा नकाशा होता. नदीकाठचा बराच भाग कोरा. त्यावर हात फिरवून म्हणाले, "इथे आमचं ज्ञान संपतं."

जीप देऊ केली. मी नाकारली, एस.टी.ने जाईन म्हटलं. मध्यस्थाने कुणाच्या गाडीतून उतरू नये एवढं मला कळतं. एकच अट घातली त्यांनी: बातमी नको. ती मी आनंदाने मान्य केली.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "दोन्हीकडचे तुम्हाला चहा देतील. जेवायला कुणी बसवणार नाही." मग स्वेटर काढून दिला.

११ फेब्रुवारी, चंद्रपूर, एस.टी. स्टँडाजवळचं लॉज

पाठ मोडली आहे. भेट झाली. गावाचं नाव इथेही लिहीत नाही. डायरीसुद्धा कुणाच्या हाती पडू शकते.

नावेने पलीकडे गेलो. देवाजी पुढे, मी मागे. बराच वेळ कुणी दिसलं नाही, मग एकदम सगळे दिसले. त्यांचा म्होरक्या पंचविशीच्या आतबाहेरचा, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, हिंदी तेलुगू वळणाची. त्याने मला नीट ऐकून घेतलं. साहेबांपेक्षा जास्त वेळ ऐकलं, पण शेवटी तेही तसंच निघालं: आधी त्यांनी पोरं दाखवावीत. साहेब म्हणतात, आधी यांनी वनपाल सोडावा. 'आधी' या एका अव्ययावर दोन्ही बाजू मोर्चे बांधून बसल्या आहेत, आणि मध्ये चटईवर मी.

"आपकी गारंटी कौन लेगा?" त्याने विचारलं.

"मी स्वतः."

तो हसला. वाईट नाही हसला. आपल्याकडच्या पोरासारखाच हसला. "अखबार में कुछ नहीं आना चाहिए."

"खबर एक लाइन नहीं आएगी," मी म्हटलं.

देवाजी त्याला गोंडीत काहीतरी म्हणाले. मागाहून मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही गा मनोहरभाऊ. मी म्हटलं, हा मानूस बोलते लई, पन शब्दाचा पक्का हाये."

मग ताराचंदला आणलं. दाढी वाढलेली, पण धडधाकट. मला पाहून आधी त्याने शर्टाची बटणं लावली.

"मारून गिरून नाही राहिले, साहेब. भात देतेत, आंबिल देतेत. माहं वजन वाढून राहिलं इथं. घरी सांगू नका, प्रेमिला म्हनन, माह्या हातचं खाऊन कधी वाढलं नाही."

त्याच्या शेजारचा बंदूकवाला पोरगा हे ऐकून हसू दाबत होता. मग ताराचंद आवाज उतरवून म्हणाला, "लवकर करा, साहेब. हे लोक चांगले बोलतेत. त्याचंच भ्या वाटते."

१३ फेब्रुवारी

साहेबांकडे. आज त्यांनी 'कोणती पोरं' असं विचारलं नाही. 'बघू' म्हणाले. प्रगती आहे. जागा कुठली, रस्ता कसा, काही एक विचारलं नाही. सुसंस्कृतपणा तो हाच.

लकडगंजातल्या दोन लाकूडवाल्यांनी कचेरीत येऊन माझी प्रकृती विचारली. रस्ता खुला झाला का, हेही विचारलं. डेपोत त्यांचा माल पडून आहे.

१४ फेब्रुवारी

इंदोऱ्याला गेलो. प्रेमिलाला सांगितलं, भेटलो, बरा आहे, वजन वाढलं आहे. ती आधी हसली आणि मग आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

पंचाईत झाली ती ताराचंदच्या आईची. भागीरथाबाई, सत्तरीच्या पुढे. खाटेवर बसून माझ्याकडे बघत होत्या.

"बरा हाये म्हन्ता?"

"हो आई. मी स्वतः पाहिलं."

"माहा मानूस मिलमधी मशीनीत गेला, तवाबी सारे म्हनत होते बरा हाये. दवाखान्यात हाये, बरा हाये. खरं थे पेपरात आलं." मग त्या सुनेला म्हणाल्या, "पेपरात आलं का वं?"

"नाही आलं, मामी. येनार नाही. काकाजीनं तसा शब्द देल्ला."

"मंग नाही बरा."

गेल्या आठवड्यापासून त्या फक्त चहा घेतात, प्रेमिला म्हणाली.

परत येताना सबंध रस्ताभर विचार करत होतो. मी शब्द दिला तो बातमीचा. बातमी म्हणजे नाव, गाव, तारीख, घटना. या चारांपैकी एकही नसेल तर ती बातमी कशी?

१६ फेब्रुवारी, शनिवार

रविवारच्या सदरासाठी लिहिलं. एका बैठकीत झालं. असं फार दिवसांनी झालं. विषय: एका अनोळखी माणसाचा पाहुणचार. नाव नाही, गाव नाही, बंदूक नाही, पोलीस नाही. वाळूच्या लांबट पट्ट्यामुळे दोन धारा झालेली नदी. नावाड्याची डालड्याच्या डब्याने पाणी उपसायची लकब, दर दहा वल्ह्यांनी एकदा. पलीकडच्या काठावर मोहाचं झाड, त्याच्या फांदीला कुणीतरी लटकवलेलं सायकलचं टायर. 'वनदेवतेचं कर्णभूषण' असं मी त्याला म्हटलं आहे. तिथून उजव्या हाताला पाऊलवाट, कोरडा नाला, आणि रंगाच्या डब्यात उकळणारा बिनसाखरेचा चहा. शेवटी एक पाहुणा, ज्याचं परक्या घरी वजन वाढलं आणि जो बायकोला सांगू नका म्हणतो.

मुकुंदरावांनी वाचलं. "यात काही धोका नाही ना?"

"नाव नाही, गाव नाही. हे ललित आहे."

"छान आहे," ते म्हणाले, आणि पहिल्या पानावर चौकट टाकली: 'आत वाचा'.

१७ फेब्रुवारी, रविवार

धरमपेठेत भाजी घेताना तिघांनी थांबवून अभिनंदन केलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांना कर्णभूषण फार आवडलं. मीही विनयाने मान हलवली, हे कबूल केलं पाहिजे.

सौ.ने दोनदा वाचलं. म्हणाली, "तो मोह अगदी पाहिल्यासारखा वाटला. मी एकटी गेले तरी बरोबर पोचेन." तीस वर्षांच्या संसारात माझ्या लेखणीला मिळालेली ही सर्वांत मोठी पावती.

संध्याकाळी साहेबांचा फोन. मला वाटलं रागावतील. पण नाही. "वा, काय निरीक्षण. आमच्या पोरांना मुद्दाम वाचायला दिलं." पोलिसांत रसिकता असते यावर माझा विश्वास नव्हता. तो मी आज मागे घेतला.

१८ फेब्रुवारी

प्रेमिला कचेरीत आली. भागीरथाबाईंनी सदर शेजारच्या शोभाताईंकडून वाचून घेतलं, सुनेवर भरवसा नाही म्हणून. तीनदा. "माह्या पोराचंच हाये हे," म्हणाल्या, आणि भाकर मागितली.

बावीस वर्षांत मी लिहिलेल्या कुठल्याही ओळीने कुणी भाकर मागितल्याचं मला माहीत नाही.

२१ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावून सांगितलं: दोन्ही पोरं सापडली. (कुठे हरवली होती हे विचारलं नाही.) पंचवीस तारखेला कोर्टापुढे उभी करू. दलमने सव्वीसला वनपालाला घेऊन यावं. जागा त्यांची, पूर्वीचीच चालेल. आम्ही त्या बाजूला फिरकणार नाही.

मी चकित झालो. आठ दिवस नुसतं 'बघू' आणि आता सगळं एकदम. मुकुंदराव म्हणाले, "तुमचं सदर पावलं." मीही हसलो.

देवाजींना निरोप धाडला. त्यांचं उत्तर घेऊन त्यांचा भाचा आला: दलमवाले येतील, पण देवाजी विचारतात, जागा बदलावी का? मी सांगितलं, नको. आता शेवटच्या क्षणी जागा बदलली तर साहेबांना वाटेल विश्वास नाही. विश्वास ही अशी वस्तू आहे की ती दोन्ही बाजूंनी एकाच वेळी धरावी लागते. हे वाक्य मला तेव्हा बरं वाटलं.

२५ फेब्रुवारी, अहेरी

पोरं आज कोर्टापुढे आली नाहीत. तहसीलजवळच्या टपरीवर फोन लावला. साहेब म्हणाले, गाडी बिघडली, उद्या सकाळी नक्की. 'आधी' हे अव्यय पुन्हा उभं राहिलं. देवाजींना सांगायला हवं होतं. ते दुपारीच पलीकडे गेले होते, दलमवाल्यांना घेऊन यायला.

२६ फेब्रुवारी

नदीच्या अलीकडे दोन मैलांवर एस.टी. थांबवली. रस्त्यात आडवा ट्रक. जवान म्हणाला, पुढे बंद आहे. मी माझं नाव सांगितलं, कार्ड दाखवलं, साहेबांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "साहेबच पुढं हाएत."

मग आवाज आले. मी कधी ऐकले नव्हते, त्यामुळे आधी वाटलं कुणी बांबू फोडतंय. बसमधल्या बायकांना लगेच कळलं. त्यांनी मुलांना सीटखाली घातलं. मी उभाच होतो.

२८ फेब्रुवारी

नागपूरला परतलो. टेबलावर पोलिसांचं प्रसिद्धिपत्रक. उपसंपादकाने माझ्यासाठी ठेवलं होतं, कारण 'तो भाग तुमचा'.

चकमकीत चार जहाल अतिरेकी ठार. चौथं नाव देवाजी मडावी, वय ६१.

म्होरक्या त्या चौघांत नाही. ताराचंदही नाही. वनपालाचा शोध चालू आहे, असं शेवटच्या ओळीत आहे. त्या दोन पोरांबद्दल ओळ नाही.

मी बातमी लिहिली. 'निवृत्त शिक्षक' हे दोन शब्द देवाजींच्या नावापुढे घातले. पानावर जाईपर्यंत जागेअभावी ते गेले.

१ मार्च

साहेबांना भेटायला गेलो. भेट मिळाली नाही. व्हरांड्यात बसवून चहा दिला.

२ मार्च

दिवसभर लोकांना सांगत होतो की साहेबांनी माझा पाठलाग केला. मुकुंदरावांना सांगितलं, बातमीदारांना सांगितलं. मुकुंदराव ऐकून घेत होते. मग म्हणाले, "एस.टी.त कुणी संशयास्पद वाटलं का?"

मला आठवेना. लॉजमध्येही कुणी नव्हतं. नावेत आम्ही तिघंच: देवाजी, मी आणि नावाडी.

"माणसं लावली असतील त्यांनी," मी म्हटलं.

"लावली असतील," मुकुंदराव म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता चष्मा पुसत बसले.

घरी सौ.ला हेच सांगितलं. सतरा तारखेचा अंक तिने रद्दीतून वेगळा काढून कपाटात ठेवला होता. आज तो तिथे दिसला नाही. विचारलं नाही.

४ मार्च

दुपारी प्रेमिला आली. रडली नाही. खुर्चीच्या टोकावर बसली.

"काकाजी, परत जाल का?"

"जाईन. पण बोलू कुणाशी? देवाजी गेले. आता माझ्या शब्दावर कोण येईल?"

"दुसरं कोनी हाये का तुमच्याशिवाय?"

"नाही."

"मंग?"

मग तीच म्हणाली, "मामीनं निरोप देल्ला. म्हनते, पेपरवाल्या भाऊले म्हनाव, मागच्या वेळी लिवलं तसं लिव. पोरगा कसा हाये थे लिव. खोटं नको लिवू म्हनाव." मग स्वतःचं म्हणून, "पुन्हा जेवत नाही त्या. पन तुम्ही लिहिलं त जेवतीन."

"मला माहीत नाही तो कसा आहे."

"तुमाले माहीत नाही, थे मले माहीत हाये. मामीले माहीत नाही." ती उठली. दारात वळून म्हणाली, "माह्या डोक्यात एक गोष्ट येऊन राहिली, काकाजी. थे आमी घरी वाचलं ना, पेपर, थे मोहाचं झाड, टायर... थे वाचून माहा मोठा भाऊ म्हने, आपनच जाऊन आनू का त्याले, रस्ता त इथं हायेच. आमी त्याले अडवलं." ती एवढंच म्हणाली. आरोप नव्हता. तिला वाटतं तिने एक साधी आठवण सांगितली.

गेले तीन दिवस मी या वहीत आणि बाहेर एकच लिहितो-बोलतो आहे, की पोलिसांनी माझ्या पाठीवर माणूस लावला. तसं झालं असतं तर बरं. मला खरी भीती ही आहे की कुणीच माझ्या मागे आलं नव्हतं, कारण त्यांना यायची गरज नव्हती. आणि भागीरथाबाई भाकर पुढ्यात घेऊन बसल्या आहेत, मी पुन्हा लिहीन म्हणून.